कोल्हापुरात कोल्हापुरी चप्पल 'फॉर्मल' नाही?

आप्पा कागलकर
आमच्या कंपनीचा पुरस्कार वितरणाचा कार्यक्रम शनिवारी संध्याकाळी ताराबाई पार्कातल्या एका हॉटेलात आहे. निमंत्रणात 'पोशाख: फॉर्मल' एवढंच होतं. कुणीतरी विचारल्यावर एचआरनं ग्रुपवर टाकलं: ब्लेझर, पूर्ण बाह्यांचा शर्ट, काळे किंवा तपकिरी बूट. चप्पल, सॅन्डल चालणार नाही.

मी बंदगळा आणि कोल्हापुरी घालून जायचं ठरवलं होतं. २०१९ मध्ये या चपलेला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा आपण पेढे वाटले. २०२५ च्या जूनमध्ये प्रादा या इटलीच्या फॅशन कंपनीनं मिलानमध्ये हुबेहूब तसली चप्पल दाखवली आणि कोल्हापूरचं नावसुद्धा घेतलं नाही, तेव्हा याच ग्रुपवर सगळ्यांचे स्टेटस पेटले होते. आणि आता आपल्याच गावातल्या हॉटेलात ती चालत नाही? माझं मत सरळ आहे. चांगली राखलेली कोल्हापुरी बंदगळ्यावर किंवा नेहरू जॅकेटवर कुठल्याही समारंभाला फॉर्मलच. बोला.

मोल्डिंगवाला
आप्पा, राग मानू नका, पण मला हे पटत नाही. हॉल त्यांचा, जेवण त्यांचं, त्यांनी सांगितलंय बूट, तर बूट. वास्तुशांतीला कुणी म्हटलं काळं नेसून येऊ नका, तर आपण वाद घालतो का? गुपचूप दुसरी साडी काढतो. आणि मिलानचा रॅम्प म्हणजे काय फॉर्मल जागा झाली? तिथं लोक काय काय घालून चालतात ते बघितलंय का?

रंकाळ्याचं वारं
यजमानाचा शब्द मानायचा, पण किती? २०१४ मध्ये चेन्नईत क्रिकेट असोसिएशनच्या क्लबात हायकोर्टाच्या न्यायमूर्तींना वेष्टी, म्हणजे तमिळ धोतर, नेसून आले म्हणून आत सोडलं नव्हतं. केवढा गदारोळ झाला! त्याच वर्षी तमिळनाडू सरकारनं कायदा करून असली बंदी मोडून काढली. स्वतःच्याच प्रांतात स्वतःच्याच पोशाखाला दारावर अडवणं हे साहेब गेल्यावरही उरलेलं साहेबाचं खूळ आहे.

मोल्डिंगवाला
तो कायदा तमिळनाडूचा. आणि आप्पांना अजून कुणी दारावर अडवलेलं नाही, नुसता मेसेज आलाय. एवढ्यात न्यायमूर्ती कशाला करताय त्यांना?

साज आणि ठुशी
पुरुषांच्या पायातल्या जोड्यावर एवढी चर्चा, वा! त्याच मेसेजची शेवटची ओळ कुणी वाचली का? 'लेडीज: साडी.' संपलं. कॉटन, सिल्क, काठपदर, काही नाही. स्वागताला दारात दोन तास उभं आम्हीच राहायचं, ट्रे घेऊन स्टेजवर आम्हीच चढायचं, तेही टाचा आणि निऱ्या सांभाळत. मी एकदा चांगला सलवार-कमीज घालून गेले, तर 'तयार व्हायला वेळ मिळाला नाही का?' असं हसत हसत विचारलं. साज घातला तर 'लग्नाला निघालीस का', नाही घातला तर 'सोबर वाटतेस'. तुम्हाला निदान काय घालायचं ते स्पष्ट तरी सांगितलंय.

चप्पल लाइन
घरचा धंदा आहे म्हणून बोलतो. आप्पांच्या बाजूनं आहे, पण अर्धाच. बाजारात कोल्हापुरी म्हणून जे मिळतं त्यातलं निम्मं रेक्झिन आणि फोम. ते घालून पुरस्कार घ्यायला गेलात तर एचआरचंच बरोबर. खरी चप्पल म्हणजे बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेलं कातडं, तळ कातड्याच्याच वादीनं शिवलेला, खिळा नाही. अंगठा आणि पट्ट्याची वेणी हातानं घातलेली. समारंभाला घ्यायची तर मूळ तपकिरी रंगातली घ्या, आधी आठवडाभर तेल देऊन घरात वापरा, नाहीतर स्टेजवर लंगडत जाल.

आणि एक सांगतो, करकरणारी घेऊ नका. चालताना वाजावी म्हणून ती मुद्दाम तशी करतात, गावच्या जत्रेत ऐट वाटते. पण चेअरमनचं भाषण चालू असताना तुम्ही हात धुवायला उठलात की सगळा हॉल मागं वळून बघणार.

अॅडव्होकेट शिरोळ
आमच्याइतका कडक पोशाख कुणाला नसेल. पण बार कौन्सिलच्या नियमातच लिहिलंय की उन्हाळ्यात काळा कोट सक्तीचा नाही, सुप्रीम कोर्ट आणि हायकोर्ट सोडून. म्हणजे जिल्हा न्यायालयात मे महिन्यात कोटाला सुट्टी, आणि १८ ऑगस्ट २०२५ ला इथं सुरू झालेल्या हायकोर्टाच्या सर्किट बेंचसमोर मात्र बारा महिने कोट. घामानं भिजतो, पण तक्रार नाही, कारण कुठं काय घालायचं ते आधीच छापलेलं आहे. कंपन्या 'फॉर्मल' लिहितात आणि अर्थ कार्यक्रमाच्या चार दिवस आधी सांगतात, ती खरी अडचण आहे. आप्पा, चप्पल फॉर्मल की नाही हा वाद तुम्ही जिंकाल, शनिवारचं जेवण हराल.

ट्रेनी २४
आमची अडचण वेगळी आहे. पगार किती, ब्लेझर कितीचा! आम्ही चौघं भाड्यानं आणणार. मापाचा मिळत नाही. मागच्या वेळी माझ्या बाह्या बोटांपर्यंत आल्या होत्या, फोटोत हातच दिसत नाहीत. पांढरा शर्ट, नेहरू जॅकेट चाललं असतं तर राजारामपुरीतून स्वतःचं घेतलं असतं, पुढं गणपतीला, लग्नाला झालं असतं.

मोल्डिंगवाला
हे बरोबर बोललास. पण सगळ्यांना ब्लेझर असला की त्या एका रात्री तरी हेल्पर कोण आणि मॅनेजर कोण ते कळत नाही. मला त्यातलं तेवढंच आवडतं.

ट्रेनी २४
कळतं की दादा. बाह्या बघितल्या की कळतं.

साज आणि ठुशी
😄 याला लाइक.

आप्पा कागलकर
आज एचआरच्या मॅडमशी बोललो. ट्रेनी पोरांचा विषय आधी काढला. नेहरू जॅकेट आणि बंदगळा दोन्ही मान्य, ग्रुपवर तसा नवा मेसेज पडलाय. 'लेडीज: साडी'च्या जागी 'साडी किंवा ड्रेस' झालंय. चपलेचं मात्र 'वर विचारून सांगते' म्हणाल्या.

मोल्डिंगवाला
म्हणजे नाही. बूट पुसून ठेवा.

आप्पा कागलकर
पुसून गाडीत ठेवतो. पायात चप्पलच असणार.