चिऱ्याच्या घरात वाय-फाय: सहा अँटेनांचा राउटर घ्यावा की मेश?

मागची_पडवी
आमचं घर गुहागर तालुक्यात. आजेसासऱ्यांनी बांधलेलं, चिऱ्याचं, आतल्या भिंतीसुद्धा दीड-दीड फुटाच्या. वर लाकडी पाटई आणि कौलं. फायबर आहे, १०० एमबीपीएसचा प्लॅन. जोडणी करायला आलेल्या मुलाने तार जिथून आत आली तिथेच, ओटीवरच्या खिडकीशेजारी, डबा ठोकला आणि निघून गेला. मी पुण्यातल्या एका ऑफिसचं हिशेबाचं काम घरून करते. माझं टेबल मागच्या पडवीत, कारण दिवसा शांतता तिथेच असते.

काल मोबाईल घेऊन घरभर फिरले आणि स्पीड मोजला. ओटीवर ९२, माजघरात ३८, स्वयंपाकघरात ७. पडवीत कधी २, कधी काहीच नाही. पावसाळ्यात चिरा ओल धरतो तेव्हा आणखी वाईट. सासूबाईंचे गुडघ्याचे डॉक्टर त्यांना व्हिडिओवर तपासतात, आणि दर वेळी त्यांना धरून ओटीवर आणावं लागतं. ते मला थांबवायचं आहे.

चिपळूणला दुकानदाराने सहा अँटेनांचा राउटर दाखवला, म्हणाला सगळं घर कव्हर होईल. भाचा म्हणतो तीन डब्यांचं मेश घे, म्हणजे घरभर ठेवायचे, एकमेकांशी जोडलेले वाय-फायचे डबे. माझी तयारी ८ हजारांपर्यंत आहे. काय घेऊ?

तारवाला
सहा अँटेनावाला अजिबात घेऊ नका. राउटर कितीही जोरात बोलला तरी तुमच्या मोबाईलला उलट उत्तर द्यावं लागतं, आणि मोबाईलचा आवाज तेवढाच राहतो. दोन जाड भिंतींपलीकडून तो पोचत नाही. शिवाय वाय-फायचे दोन बँड, म्हणजे लहरींचे पट्टे असतात; त्यातलं वेगवान ५ गिगाहर्ट्झ अशा भिंतीत लवकर संपतं. २.४ जरा लांब जातं, पण संथ. तुमचे आकडे नेमकं हेच सांगतायत.

मेशचे डबे आपापसात हवेतून बोलतात, म्हणजे त्यांच्याही मध्ये तुमच्या त्याच भिंती येणार. साध्या दोन बँडच्या मेशमध्ये एकाच रेडिओवरून मागचं बोलणं आणि पुढचं बोलणं, दोन्ही चालतं, त्यामुळे दर टप्प्याला वेग साधारण निम्मा होतो. वाय-फाय पकडून पुढे पाठवणाऱ्या एक्स्टेंडरचंही तेच.

तुम्ही एका जागी बसून काम करता. ओटीपासून पडवीपर्यंत एक कॅट ६ केबल (नेटची तार) न्या आणि तिच्या टोकाला अॅक्सेस पॉइंट मोड असलेला, म्हणजे तारेने आलेलं नेट तिथे वाय-फायने पसरवणारा, साधा ड्युअल बँड (दोन्ही बँडचा) राउटर लावा. नाव आणि पासवर्ड ओटीवरच्या डब्याचेच द्या. २.४ ला एकाला चॅनल १, दुसऱ्याला ११, म्हणजे दोघे एकमेकांच्या आड येणार नाहीत. लॅपटॉप तर त्या राउटरला थेट तारेनेच जोडा.

केबल घेताना शुद्ध तांब्याची मागा. अॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली स्वस्त मिळते, ती नको.

मागची_पडवी
पटलं. पण भिंतीला भोकं पाडायची नाहीत. सासूबाईंचं मन दुखवून मला नेट नको.

दापोलीकर
भोक कशाला? आमचंही घर असंच आहे. केबल ओटीच्या कोपऱ्यातून पाटईवर चढवली आणि पोटमाळ्यावरून मागे उतरवली. जिथे वासे भिंतीवर टेकतात तिथे फट असतेच. फक्त केबल पीव्हीसी पाइपातून न्या. आमची पहिली केबल उघडी टाकली होती, ती दोन महिन्यांत उंदरांनी कुरतडली. आणि बाहेरून, खळ्यातून तर मुळीच नेऊ नका. मिरगात जवळपास वीज पडली की लांब तांब्याच्या तारेत झटका उतरतो, मग दोन्ही टोकांचे डबे जातात.

माणसं सारखी फोनवर बोलत या खोलीतून त्या खोलीत फिरत असतील तर मेश बरं, फोन एका डब्यावरून दुसऱ्यावर लवकर सरकतो. पण तेही तारेने जोडूनच.

मागची_पडवी
काम झालं, म्हणून मुद्दाम लिहिते. वायरमनने रविवारी अर्ध्या दिवसात केबल टाकली, २२ मीटर लागली. राउटर, केबल, पाइप आणि मजुरी धरून ४,३०० रुपये. पडवीत लॅपटॉपवर तारेने ९४ येतात, मोबाईलवर ८५च्या आसपास. स्वयंपाकघरात ५०. राउटर आधी पत्र्याच्या कपाटावर ठेवला होता तेव्हा स्वयंपाकघरात २०च येत होते. वायरमननेच तो उचलून भिंतीवर खिळ्याला टांगला.

आज सासूबाईंनी आपल्या खाटेवरूनच डॉक्टरांना गुडघा दाखवला. तारवाला, दापोलीकर, तुमचे मनापासून आभार.

एक राहिलं. लाईट गेली की नेट जातं, आणि इथे पावसात लाईट रोज जाते.

तारवाला
राउटरसाठीचा छोटा डीसी यूपीएस, म्हणजे लाईट गेल्यावर राउटर चालू ठेवणारी बॅटरी मिळते, ती घ्या. पण आधी दोन्ही डब्यांच्या अॅडॅप्टरवर व्होल्ट आणि अँपिअर वाचा. एक १२ व्होल्टचा आणि दुसरा ९ चा असू शकतो, चुकीच्याला जोडलात तर डबा जळू शकतो. आणि दोन यूपीएस लागतील, एक ओटीवर, एक पडवीत. नुसत्या पडवीत लावून उपयोग नाही, नेट येतं ते ओटीवरच्या डब्यातूनच.