शब्दचर्चा: हवालदाराला न बिचकवणारा ‘सपोर्ट’

कोपरीकर: मंडळी, पोलीस आणि तुरुंगातल्या कर्मचाऱ्यांसाठी एक छोटी पुस्तिका मराठीत करायला घेतली आहे. प्रशिक्षण कुठं होतं, रजेचा अर्ज कसा द्यायचा, रात्रपाळीनं झोप उडाली किंवा घरात चिडचिड वाढली तर कुणाशी बोलायचं, असा मजकूर आहे. मूळ इंग्रजीत दर चार ओळींनी ‘सपोर्ट’ येतो. मी पहिल्या खर्ड्यात सरसकट ‘समुपदेशन व साहाय्य’ लिहून मोकळी झाले.

आमच्या मजल्यावर एक हवालदार राहतात, त्यांना वाचायला दिलं. दोन पानं उलटली, चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले, “ताई, हे कुणी घरी नेणार नाही. समुपदेशन म्हणजे साहेब आत बोलावून झापतात ते.”

तर प्रश्न असे. ‘सपोर्ट’ला काय म्हणू? आणि तुरुंग खात्याच्या कामाला इंग्रजीत ‘करेक्शन्स’ म्हणतात, त्याला ‘सुधारसेवा’च का? शिवाय तुरुंग लिहू की कारागृह?

अडकित्ता: तिसऱ्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण तो ठाण्याचा आहे. ‘कारा’ म्हणजेच संस्कृतात बंदिशाळा, त्यामुळे कारागृह म्हणजे तुरुंगाचं घर. ‘तुरुंग’ मात्र पोर्तुगीज ‘त्रोंकु’वरून आला असं मानतात. त्रोंकु म्हणजे झाडाचं खोड, आणि कैद्याचे पाय अडकवायचा लाकडी ठोकळाही. आपल्याकडे त्याच वस्तूला काय म्हणतात? खोडा! ‘कामात खोडा घालणे’मधला. दोन भाषा, दोन किनारे आणि कल्पना एकच.

ठाण्याचा मध्यवर्ती कारागृह ज्या किल्ल्यात आहे तो पोर्तुगीजांनीच १७३० मध्ये बांधायला घेतला. पुरता होण्याआधी १७३७ मध्ये मराठ्यांनी ठाणं घेतलं, १७७४ मध्ये इंग्रजांनी. तुरुंग नंतरचा. अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना १९ एप्रिल १९१० रोजी तिथंच फाशी दिली. पोर्तुगीज तटाच्या आत पोर्तुगीज शब्द नांदतो आहे, तेव्हा पाटीवर कारागृह असू दे, पुस्तिकेत तुरुंगच लिहा.

कोपरीकर: ‘मध्यवर्ती कारागृह’ नपुंसकलिंगी हो, अडकित्ताजी. ‘ठाण्याचं’.

अडकित्ता: मान्य. किल्ला डोक्यात होता.

जुना गिनतीवाला: मी तुरुंग खात्यातून निवृत्त. आत दोन्ही शब्द एकत्र नांदतात. शिपाई ‘कारागृह शिपाई’, पण अधिकारी ‘तुरुंग अधिकारी’. माणसाला कागदावर ‘बंदी’ म्हणायचं: खटला चालू असेल तर न्यायाधीन बंदी, शिक्षा लागली की सिद्धदोष बंदी. तोंडात मात्र कैदीच. घरचे भेटायला आले की ती ‘मुलाखत’. माझी मुलगी लहानपणी विचारायची, बाबा, एवढ्या लोकांच्या मुलाखती घेतं कोण, छापून कुठं येतात?

रजेचं पान नीट तपासा. पॅरोल म्हणजे अभिवचन रजा, फर्लो म्हणजे संचित रजा, या दोन्ही बंद्याच्या. आपली ती अर्जित रजा. संचित आणि अर्जित यांत गल्लत केलीत तर हवालदार फर्लोवर जाईल. चेष्टेनं म्हणायचो आम्ही, त्याची साठलेली रजा मंजूर होते, आपली कमावलेली अडते.

‘सुधारसेवा’ला पर्याय नाही. खात्याचं नावच ‘कारागृह व सुधारसेवा’ आहे. पण हा शब्द बंद्याकडं बघून केलाय. सेवा देणाऱ्याची झोप, पाठदुखी, पोरांची शाळा त्यात कुठंच बसत नाही. तुमची पुस्तिका त्याच माणसासाठी आहे, म्हणून मुखपृष्ठावर ‘सुधार’ नको. लोक म्हणतील, आता आम्हाला सुधारायला निघाले.

खोपटचा: प्रशिक्षणाबद्दल कुणी बोललंच नाही. पोलीस उपनिरीक्षकांसाठी नाशिकची महाराष्ट्र पोलीस अकादमी, शिपायांसाठी मरोळ, खंडाळा, जालना अशी केंद्रं, तुरुंगवाल्यांसाठी येरवड्याचं दौलतराव जाधव महाविद्यालय. सगळीकडे पहाटे एकच शब्द कानावर पडतो: कवायत. हा मूळ अरबी ‘कवाइद’, म्हणजे ‘कायदा’चं अनेकवचन! एक असला तर कायदा, अनेक झाले की मैदानात पाय आपटायचे. (कैद मात्र वेगळ्या धातूची, उगाच जोडू नका.)

रिफ्रेशर कोर्सला ‘नवसंजीवनी प्रशिक्षण’ वगैरे लिहिलं असेल तर आधी खोडा. ‘उजळणी’ हा रुळलेला शब्द आहे. भांडं घासून उजळावं तसं. बे एके बे म्हटलेल्या कुणालाही तो कळतो.

ऐरोलीची सून: ‘वेल्फेअर’ला ‘कल्याण’ लिहिताना सांभाळा. माझे दीर पोलिसात लागले तेव्हा पगारातून ‘पोलीस कल्याण निधी’ कापलेला बघून सासूबाई चिडल्या. आपण ऐरोलीचे, मग पैसे कल्याणला का जातात? तसंच ‘ठाणे अंमलदार’. तो प्रत्येक पोलीस ठाण्यात असतो, ठाणे शहरात राहायची अट नाही. ठाणेनगर पोलीस ठाणे ही पाटी तर बाहेरगावचा पाहुणा दोनदा वाचतो.

पण खरी अडचण पुढं आहे. आपल्याकडे ‘याला ठाण्याला पाठवा’ म्हटलं की कुणी तुरुंग समजत नाही, १९०१ पासूनचं मनोरुग्णालय समजतात. त्यामुळे ‘मानसिक’ शब्द मथळ्यात दिसला की ते पान माणूस चारचौघांत उघडणारच नाही. आमच्याकडे तरी नाही उघडलं.

अडकित्ता: मग ‘कुमक’ घ्या! तुर्कीतून फारसीमार्गे आलेला लष्करी शब्द. अर्थ मदतच, पण याचनेचा वास नाही. जमाव अंगावर आला की कुमक मागवण्यात कमीपणा कसला? ‘समुपदेशन’ फोडलंत तर आत ‘उपदेश’च बसलाय. हवालदारसाहेबांना तो बरोबर दिसला.

जुना गिनतीवाला: कल्पना पटली, शब्द नाही. कुमक बातमीत येते. वायरलेसवर ओरडतात, “जादा फोर्स पाठवा.” आणि फोर्स येतो तो गाडी भरून, काठ्या घेऊन. रात्री अडीचला बराकीच्या व्हरांड्यात एकट्या शिपायाला जे सुचत असतं त्यावर व्हॅन भरून माणसं काय करणार?

आमच्यात त्यासाठी एकच शब्द होता, ‘जोडीदार’. ज्याच्याबरोबर ड्युटी लागते तो. आत एकानं गळफास लावून घेतला होता, मी आणि जोडीदारानं त्याला खाली घेतलं. वाचला. नंतर कागद झाले, जबाब झाले, मला कुणी काही विचारलं नाही. गेटाबाहेर टपरीवर जोडीदार म्हणाला, “चहा गोड सांग आज.” दोघं पाऊण तास तिथं उभे होतो. त्याला तुमच्या पुस्तिकेत काय म्हणतात माहीत नाही.

कोपरीकर: ‘पीअर सपोर्ट’ म्हणतात, काका. तिसऱ्या प्रकरणात त्यावर चौदा पानं आहेत आणि मी त्याचं ‘समवयस्क साहाय्य’ करून ठेवलं होतं. लाज वाटली.

खोपटचा: समवयस्क! म्हणजे जोडीदाराचा जन्मदाखला मागायचा आधी.

कोपरीकर: सगळं बदललं. तिसऱ्या प्रकरणाचं नाव ‘जोडीदार’. ‘सपोर्ट’ला एकच शब्द धरून बसायचा हट्ट सोडला: पैशाचा असेल तिथं ‘मदत’, वरिष्ठांचा असेल तिथं ‘पाठबळ’, बाकी वाक्यात क्रियापदानं भागतं, ‘बोला’, ‘सांगा’, ‘विचारा’. ‘समुपदेशक’ ठेवला, कारण दारावर तीच पाटी असणार आहे, पण पहिल्यांदा येतो तिथं एक ओळ घातली: ‘हे साहेब नव्हेत. तुमचं ऐकून घ्यायला बसलेत.’ टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या फोन-मदतीचा १४४१६ हा नंबर शेवटच्या पानावर होता, तो पहिल्या पानावर आणला. २०२२ मध्ये सुरू झालेली ही सरकारी सेवा मोफत आहे, चोवीस तास चालते आणि मराठीत बोलता येतं, एवढंच खाली लिहिलं. ‘मानसिक’ तिथं काढला.

काल पुन्हा हवालदारांकडे गेले. त्यांनी ‘पोलिस’चं दोन ठिकाणी ‘पोलीस’ केलं, बाकी काही बोलले नाहीत. मग मोबाइल काढून तो नंबर घातला. मी डोकावले. नाव टाकलं होतं, ‘जादा फोर्स’.