मदत हवी आहे: स्विमरनमध्ये पाण्यात माझी जाऊ पुढे, जमिनीवर मी पुढे. दोरी, थंडी आणि जोडीचा ताळमेळ

नमस्कार मंडळी,

स्टॉकहोमच्या दक्षिणेला समुद्रात उटो नावाचं बेट आहे. तिथे मे महिन्यात स्विमरनची शर्यत होते. तिच्या छोट्या अंतराच्या गटात मी आणि माझ्या धाकट्या जावेने जोडीने नाव नोंदवलं आहे. दोघींचीही ही पहिलीच वेळ, म्हणून जाणकारांकडून मार्गदर्शन हवं आहे.

ज्यांना हा प्रकार नवा आहे त्यांच्यासाठी थोडं सांगते. रानातून, खडकांवरून पळत किनाऱ्याला यायचं, बुटांसकट पाण्यात शिरायचं, पलीकडे पोहत जायचं आणि बाहेर पडून पुन्हा पळायचं. असं बऱ्याच वेळा. मध्ये कपडे बदलणं नाही. वेटसूट (थंडीपासून जपणारा, अंगाला घट्ट बसणारा रबरी पोशाख) घालूनच धावायचं, बूट घालूनच पोहायचं, आणि निघताना जे सामान घेतलं ते शेवटपर्यंत आपल्याच अंगावर. २००२ साली याच उटोवर चार मित्रांनी पैज लावली की दोघादोघांच्या जोडीने बेटं ओलांडत उत्तरेकडच्या सांडहामन गावाला आधी कोण पोचतं. २००६ पासून तिची रीतसर शर्यत झाली. ती मोठी शर्यत आता उलट दिशेने, सांडहामनहून उटोला येते, ७०-७५ किलोमीटरची. आमचं अंतर त्यापुढे फारच लहान आहे, पण मुख्य नियम तोच: जोडीतल्या दोघींमध्ये १० मीटरपेक्षा जास्त अंतर पडता कामा नये. आजूबाजूला मदत नसते तेव्हा जोडीदार हीच मदत, असा त्यामागचा विचार, आणि तो मला मनापासून पटतो.

आता आमची अडचण. जाऊ मालवणची. चिवल्याच्या किनाऱ्यावर डिसेंबरात सागरी जलतरण स्पर्धा होते, त्यात ती शाळेपासून उतरलेली आहे. लाटा, खोल पाणी, कशाचंच तिला काही वाटत नाही. मी साताऱ्याची. यवतेश्वरचा घाट पळत चढण्यात माझी उमेदीची वर्षं गेली, हिल मॅरेथॉनही केली आहे. पोहणं मात्र इथे स्वीडनला आल्यावर तलावात शिकले. त्यामुळे पाण्यात ती माझ्या बरीच पुढे असते आणि चढावर मी तिच्या.

यावर उपाय म्हणून लोक कमरेला दोरी बांधतात, ती आम्ही आणली आहे. पण पाण्यात दोरी ताणली की माझी लय तुटते, आणि सैल पडली की माझ्याच हातात अडकते. नेमकी किती लांब असावी? पळताना ठेवावी की सोडावी?

दुसरं, थंडी. मे महिन्यात तिथलं पाणी १० अंशांच्या आसपास असतं. नाकातोंडाला पाणी लागलं की माझा श्वास अडतो. मालवणच्या पाण्यात वाढलेल्या तिलाही हे सोपं नाही, पण ती बोलून दाखवत नाही.

आणि तेच मला सगळ्यात जास्त विचारायचं आहे. ती मला 'ताई' म्हणते, मान देते. पाण्यात निर्णय तिने घ्यायला हवेत, कारण तिला ते कळतं. पण ती मला "थांबा" म्हणत नाही, "वेग वाढवा" म्हणत नाही. मी दमले असेन असं वाटून स्वतःच हळू होते, आणि मग तिला हुडहुडी भरते. घरातलं थोरलं-धाकटं पाण्यात कसं बाजूला ठेवायचं? नवरा-बायको, भाऊ-भाऊ, दीर-भावजय अशा जोडीने कुणी उतरलं असेल तर कृपया लिहा.

आगाऊ आभार.

प्रतिसाद

ताई, दोघींचं अभिनंदन! मी झुरिकला असतो, धाकट्या भावाबरोबर इथल्या एंगाडीन खोऱ्यातली स्विमरन केली आहे. तिथे तळी १८०० मीटर उंचीवर, त्यामुळे गार पाण्याची ओळख आहे.

दोरी साधी आहे का? साधी असेल तर आधी ती बदला. ताणली जाणारी, रबरी गाभ्याची घ्या, म्हणजे पुढचीच्या प्रत्येक हाताचा हिसका तुमच्या कमरेला बसणार नाही. लांबी ताण न देता तीनेक मीटर पुरते. खरी युक्ती अशी की तुम्ही दोरीच्या टोकाला लटकायचं नाही. तिच्या पावलांच्या लगेच मागे, तिने कापलेल्या पाण्यात राहायचं. तिथे पाण्याचा विरोध कमी लागतो आणि दोरी फक्त आधाराला उरते. बुटांमुळे पाय खाली जातात, म्हणून मांड्यांमध्ये पुलबॉय (पाय तरंगते ठेवणारा फोमचा ठोकळा) धरा. तो इलास्टिकने मांडीला बांधलेला असू द्या आणि पळताना बाहेरच्या बाजूला फिरवा. पाय जवळजवळ मारायचेच नाहीत, त्यामुळे सगळा भार खांद्यांवर येतो. हाताचे पॅडल (पाणी जोरात ढकलायला तळव्याला लावायच्या चपट्या पट्ट्या) सुरुवातीला लहानच घ्या, नाहीतर खांदा धरेल.

जमिनीवर मोकळ्या रस्त्याला आणि चढाला दोरी लावा, तुम्ही पुढे. उतारावर, निसरड्या खडकांवर, मुळांच्या वाटेवर सोडाच. एक घसरली तर दुसरीही पडते. हूक एका हाताने, बधिर बोटांनीही सुटतो ना, हे घरी गार पाण्याच्या बादलीत हात बुडवून तपासा.

प्रतिसाद

थंडीबद्दल लिहिते, मी डॉक्टर आहे. गार पाण्यात शिरल्यावर धाप लागते ती पहिल्या एक-दोन मिनिटांत सर्वात जोरात असते, मग ओसरते. म्हणून उडी मारायची नाही. मानेवर, तोंडावर पाणी घ्या, लांब श्वास सोडत आत जा, श्वास ताब्यात आला की मगच पोहायला लागा. सराव म्हणून थोडा थोडा वेळ, पण वारंवार उतरत राहिलात तर शरीर याला सरावतं. एकटीने कधीही नको. निओप्रीनची (वेटसूटच्याच रबरी कापडाची) टोपी घ्या, तिचा फरक पडतो.

बाहेर आल्यावरही शरीराचं आतलं तापमान काही वेळ उतरतच असतं. म्हणजे काठावर बरं वाटलं आणि दहा मिनिटांनी कापरं भरलं, असं होऊ शकतं. काठावर उभं राहू नका, लगेच चालू-पळू लागा. बोलणं अडखळलं, पाऊल वाकडं पडू लागलं, किंवा गार असूनही कापरं थांबलं, तर शर्यत तिथेच संपवायची. ही लक्षणं आपली आपल्याला कळत नाहीत, जोडीदाराला कळतात. चाळिशी ओलांडली असेल तर आधी रक्तदाब आणि हृदय तपासून घ्या, ही विनंती.

प्रतिसाद

थोरलं-धाकटं याबद्दल. मी आणि माझे मोठे दीर जोडीने शर्यतीत उतरतो. आम्ही बोलणंच काढून टाकलं. पाण्यात दोरीला दोन हिसके म्हणजे थांब, पायाला एकदा हात लावला म्हणजे हळू, दोनदा म्हणजे जोर वाढव. हाताच्या खुणेला 'अहो' लागत नाही. शिवाय ठरवून टाकलं की पाण्यात पुढे असेल त्याचा शब्द, जमिनीवर पुढे असेल त्याचा, आणि "मला गार वाटतंय" हे दर वेळी बाहेर पडताना दोघांनी बोलायचंच, वाटत नसलं तरी. बोलायचंच असलं की लपवायला जागा राहत नाही. पण हे तुम्ही मोठ्या म्हणून आधी सांगायला हवं. धाकटीने स्वतःहून मागायचा हा हक्क नाही, तुम्ही द्यायचा आहे.

धागाकर्ती

सर्वांचे मनापासून आभार. दोरी साधीच होती, आज रबरी मागवली.

शेवटचा प्रतिसाद जावेला फोनवर वाचून दाखवला. क्षणभर काही बोलली नाही, मग म्हणाली, "ताई, मागच्या वेळी मला खरंच खूप गार वाटत होतं." रविवारी आम्ही स्टॉकहोमलगतच्या 'नाका' भागातल्या शेल्टोर्प तळ्यावर जातोय, काठावरच्या हेलासगोर्डन या मैदानी केंद्राला, तिथे पोहून झालं की अंग शेकायला सौनाही आहे. खुणा तिनेच ठरवायच्या, असं तिला सांगितलं आहे.

अजून एक विचारायचं राहिलं: इथल्या बाल्टिक समुद्राचं पाणी मालवणच्या मानाने फारच कमी खारट आहे, हजारात जेमतेम सहा-सात भाग मीठ. जाऊ म्हणते तिला इथे अंग जड लागतं. तिच्यासाठी जाड पुलबॉय घ्यावा, की पायाच्या बाजूला जास्त जाडीचं निओप्रीन असलेला वेटसूट? दोन्ही वापरून पाहिलेल्यांनी सांगावं.