जुन्या गाडीच्या कंपनी फिटेड कॅसेट टेपला ऑक्स (फोन लावायचा इनपुट) कसा जोडायचा? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

बाबांची २००३ ची गाडी आता मी वापरतो. इंजिनाची काही तक्रार नाही, अडलंय ते टेपपाशी. कंपनी फिटेड सेट, एफएम आणि ऑटो रिव्हर्स कॅसेट. ऑक्स नाही, यूएसबी तर सोडाच. डॅशबोर्ड त्या सेटच्या आकारानेच घडवलाय. कार डेकोरवाला म्हणाला, "हे कापून अँड्रॉइड बसवून देतो की साहेब." मी हो-नाही काही न बोलता गाडी घरी आणली.

कापायचं नाही याला अजून एक कारण आहे. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात बाबांच्या तीसेक कॅसेट आहेत, लेबलं त्यांच्या अक्षरातली. बऱ्याचशा अजून वाजतात. म्हणजे कॅसेटही चालू राहिली पाहिजे.

आतापर्यंतचे उद्योग: आधी लायटरच्या सॉकेटमधला एफएम ट्रान्समीटर आणला. पुण्यात कसाबसा चालतो, पण घाट उतरून मुंबईकडे गेलो की आपल्या रिकाम्या जागेवर दुसरंच स्टेशन येऊन बसतं. मग वायरवाली अडॅप्टर कॅसेट घेतली. दर आठ-दहा सेकंदांनी खट्, बाजू बदल. पुन्हा खट्. पनवेलपर्यंत बायकोने सहन केलं.

परवा सेट बाहेर काढून झाकण उघडलं. मागे सीडी चेंजरचा सॉकेट नाही, म्हणजे बाहेरचा आवाज आत द्यायला तयार जागा नाही. टेपच्या हेडपासून बारीक शील्डवाल्या वायरी बोर्डावर जातात. तिथेच फोनची वायर सोल्डर केली तर?

प्रतिसाद १

तिथे अजिबात नको! हेडमधून येणारा सिग्नल एक मिलिव्होल्टही नसतो, फोन त्याच्या शेकडो पट देतो. शिवाय हेडनंतरचा प्रीअँप (बारीक सिग्नल मोठा करणारा भाग) टेपच्या हिशोबाने खालचे स्वर मुद्दाम उचलतो. फाटका, घोगरा आवाज ऐकायला मिळेल, बाकी काही नाही.

प्रीअँपच्या पुढे आणि व्हॉल्यूमच्या अलीकडे शिरायचं. बोर्डावरच्या चिपांचे नंबर वाचा. हीटसिंकला चिकटलेली असते ती पॉवर अँपची (स्पीकर चालवणारी), ती सोडा. टीडीए ७३१३ सारखी ऑडिओ प्रोसेसर चिप दिसते का बघा. तिला तीन स्टिरिओ इनपुट असतात. त्यातला एखादा मोकळा दिसला तरी हुरळून जाऊ नका, सेटचा कंट्रोलर सांगेल तोच इनपुट ती निवडते. टेपचाच घ्या. डेटाशीटवरून (चिपच्या माहितीपत्रकावरून) पिना सापडतील.

प्रतिसाद २

अडॅप्टर खट् करतो कारण ऑटो रिव्हर्स सेट रीळ फिरतंय का ते बघत असतो. स्वस्तातल्या अडॅप्टरचे गियर अडकतात, सेटला वाटतं टेप संपली. उघडून बघा, दात तुटले नसतील तर थेंबभर मशीनचं तेल पुरतं.

आणि बॅटरीची वायर काढण्याआधी रेडिओला चोरीविरोधी कोड आहे का ते पाहून ठेवा. असेल आणि कार्ड हरवलं असेल तर सेट मुका होऊन बसेल.

धागाकर्ता

गियरचे दोन दात तुटलेत, त्यामुळे तो मार्ग बंद. कोड नाही, सुटलो. चिप नेमकी ७३१३ च निघाली!

धागाकर्ता (दोन आठवड्यांनी)

झालं! प्रीअँपकडून येणारे बोर्डावरचे डावा-उजवा दोन्ही तांब्याचे ट्रॅक कापले आणि मध्ये टॉगल स्विच टाकला. एका बाजूला कॅसेट, दुसऱ्या बाजूला ब्लूटूथचं छोटं मॉड्यूल, दोन्ही चॅनेलवर २.२ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. आवाज ट्रान्समीटरच्या दसपट स्वच्छ.

पण इंजिन चालू केलं की मागे कुईंऽऽ. एक्सलेटर दाबला की शिट्टी चढते, सोडला की उतरते. मॉड्यूल खराब निघालं का?

प्रतिसाद १

मॉड्यूलला ५ व्होल्ट कुठून दिलेत? एकदा पॉवर बँकेवर चालवून बघा. शिट्टी गेली तर तो ग्राउंड लूप. मॉड्यूलची अर्थ (ग्राउंड) पॉवरच्या वायरीतूनही जोडलेली आणि ऑडिओच्या वायरीतूनही, त्यात अल्टरनेटरचा आवाज घुसतो. १२ चे ५ व्होल्ट केल्यावर मध्ये बी०५०५एस हा छोटा कन्व्हर्टर टाका. आत जाताना ५, बाहेर येताना ५, पण दोन्ही बाजूंची अर्थ वेगळी. इतक्याशा मॉड्यूलला पुरून उरेल.

धागाकर्ता

पॉवर बँकेवर शिट्टी गायब झाली होतीच. काल बी०५०५एस लावला, आता चार हजार आरपीएमलाही शांत. मनापासून आभार!

एकच गंमत उरली. सेट टेपच्या मोडमध्ये राहावा म्हणून आत कोरी कॅसेट फिरत ठेवावी लागते. नाइंटीची, म्हणजे दोन्ही बाजू मिळून नव्वद मिनिटांची टाकलीय. बरोबर पाऊण तासाने खट् होतं. तेवढं बायकोला मंजूर आहे.