ॲमस्टरडॅमच्या कालव्यांतील ‘स्मोक बोट’: गोव्याहून जाणाऱ्याने काय पाहावे?

प्रश्न: अंत्रुजकार

येत्या जूनमध्ये आम्ही पती-पत्नी, माझा मेहुणा आणि मडगावचा एक जुना मित्र असे चौघे युरोपला जात असून ॲमस्टरडॅममध्ये काही दिवस मुक्काम आहे. तेथील कालव्यांतून संध्याकाळी फिरणाऱ्या ज्या बोटींवर गांजा ओढण्यास मुभा असते, त्यांपैकी एका फेरीचे आरक्षण चौघांसाठी करावे, असे मित्राने सुचवले आहे. मला उत्सुकता आहे. पत्नीला फक्त कालवे पाहायचे आहेत आणि धुराने तिला खोकला येतो. मेहुणा तारवटी आहे, सुट्टी संपताच त्याचे जहाजावरचे पुढचे कंत्राट सुरू होईल. मित्राने पोर्तुगीज पासपोर्ट घेतलेला असल्यामुळे आपल्याला कोठेच अडचण येणार नाही, असे तो ठामपणे सांगतो. इंटरनेटवर वर्णने पुष्कळ आहेत, परंतु त्यातली बहुतेक तिकिटे विकणाऱ्यांनीच लिहिलेली दिसतात.

या फेरीत प्रत्यक्षात काय असते, ती तेथे कितपत कायदेशीर आहे आणि आपल्याकडे परतणाऱ्या माणसाने कोणती काळजी घ्यावी, एवढेच विचारायचे आहे. परतीचा प्रवास दुबईमार्गे आहे. उपदेशाची अपेक्षा नाही.

उत्तर: डिचोली_ते_डेल्फ्ट

शिक्षणाच्या निमित्ताने मी त्या देशात राहिलो आहे, म्हणून आधी बोटीविषयी लिहितो. बोटीवर गांजा मिळत नाही, तो आपण बरोबर न्यायचा असतो. नेदरलँड्समध्ये गांजाची किरकोळ विक्री फक्त परवानाधारक ‘कॉफीशॉप’मध्येच चालते, आणि तीसुद्धा अठरा वर्षांवरील व्यक्तीला दिवसाला ५ ग्रॅमपर्यंतच. त्या दुकानांत दारू विकता येत नाही, जाहिरात करता येत नाही आणि ५०० ग्रॅमपेक्षा जास्त साठा ठेवता येत नाही. बोटीवर मात्र बहुधा बिअर-वाइन असते आणि गांजा विकला जात नाही. त्यामुळे फेरी चालवणारा जो कोणी ‘माल बोटीवरच देऊ’ असे म्हणेल, त्याच्यापासून दूर राहावे.

पणजीच्या सांता मोनिका जेटीवरून सुटणाऱ्या मांडवीतल्या बोटींची सवय असलेल्या गोमंतकीयाला ही फेरी प्रथम फारच शांत वाटेल. रंगमंच नाही, निवेदक नाही, देखणी-फुगडी नाही आणि प्रवाशांना नाचायला बोलावणारे कोणी नाही. लहानशी, बहुतेक वेळा उघडी बोट, समोरासमोर बसलेली माणसे, बेताच्या आवाजातले संगीत आणि शहराची थोडी माहिती देणारा चालक, एवढाच थाट असतो. फेरी साधारण तास-सव्वा तासाची असते. शहराच्या मध्यभागी बोटींना ताशी ६ किलोमीटरची वेगमर्यादा असल्यामुळे काठावरचे सायकलवाले आपल्याला मागे टाकून जातात आणि त्याचे काहीच वाटेनासे होते.

पाहण्यासारखे मात्र खरोखरच खूप आहे. सिंगल, हेरेनग्राख्त, कायझर्सग्राख्त आणि प्रिन्सेनग्राख्त हे कालवे जुन्या गावाभोवती अर्धवर्तुळात एकामागून एक वळत जातात. सतराव्या शतकात व्यापार भरात असताना आखलेल्या या कालवावर्तुळाला २०१० साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत स्थान मिळाले. काठावरची घरे अरुंद आणि उंच आहेत. प्रत्येक घराच्या कपाळाशी माल वर ओढून घेण्याची तुळई आणि आकडा दिसतो, कारण आतले जिने इतके चिंचोळे असतात की कपाट किंवा पलंग आजही खिडकीतूनच आत न्यावा लागतो. रेगुलिर्सग्राख्तच्या तोंडाशी बोट आली की एकाच रेषेत सात पुलांच्या कमानी दिसतात. प्रिन्सेनग्राख्तवर ॲन फ्रँक ज्या घरात लपून राहिली ते घर आणि जवळच वेस्टरकेर्क चर्चचा मनोरा लागतो. त्या घरासमोरून धुराचे लोट सोडत, हसत-खिदळत जाणाऱ्या बोटी पाहून मला अवघडल्यासारखे होई, पण हे माझे वैयक्तिक मत झाले.

एक गोष्ट तिकीट विकणारे सांगत नाहीत. जूनमध्ये तेथे सूर्य रात्री दहाच्या सुमारास मावळतो, म्हणजे सात-आठ वाजताची ‘संध्याकाळची’ फेरी लख्ख उन्हात होते. पुलांवरचे दिवे लागलेले पाहायचे असतील तर सर्वांत शेवटची फेरी घ्यावी. जून असला तरी पाण्यावरचा वारा बोचतो, तेव्हा जाकीट बरोबर असू द्यावे. अनेक लहान बोटींवर शौचालयही नसते.

वहिनींसाठी वेगळा मार्ग सुचवतो. धूम्रपानास मनाई असलेल्या साध्या फेऱ्या त्याच कालव्यांतून दिवसभर चालतात, त्यांनी त्यातली एक घ्यावी. उघड्या बोटीतही शेजारच्याचा धूर चुकवता येत नाही, आणि पावसामुळे छत ओढून घेतले तर विचारायलाच नको.

उत्तर: पणजीचा वकील

वरील माहितीला कायद्याची जोड देतो. नेदरलँड्समध्ये गांजा कायदेशीर आहे, हा समज बरोबर नाही. तेथील अफू कायदा १९२८ सालचा असून १९७६ मध्ये त्यात दुरुस्ती करून गांजा-हशीश यांना हेरॉइनसारख्या जड पदार्थांपासून वेगळे काढण्यात आले. बाळगणे आजही नियमबाह्यच आहे, मात्र ५ ग्रॅमपर्यंतच्या व्यक्तिगत साठ्यावर खटला भरायचा नाही, असे सरकारी धोरण आहे. या धोरणातली विसंगती अशी की दुकानाच्या पुढच्या दारातून होणारी विक्री चालवून घेतली जाते आणि मागच्या दारातून येणारा माल कित्येक दशके बेकायदा राहिला. ती दूर करता येईल का, हे पाहण्यासाठी डिसेंबर २०२३ पासून ब्रेडा आणि टिलबर्ग या शहरांत अधिकृत लागवडीचा प्रयोग सुरू झाला आणि पुढे तो इतर काही नगरपालिकांत नेण्यात आला. याशिवाय ॲमस्टरडॅमच्या डे वालेन भागात, म्हणजे रेड लाइट वस्तीत, मे २०२३ पासून रस्त्यावर गांजा ओढण्यास बंदी असून त्यासाठी १०० युरो दंड आहे. बोटीतून उतरून उरलेली सिगारेट त्या गल्ल्यांत पेटवणाऱ्या पर्यटकाला हे ठाऊक नसते.

आता आपला कायदा. १९८५ च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी, कायद्याच्या पहिल्याच कलमात, तो भारताबाहेर असलेल्या भारतीय नागरिकांनाही लागू आहे, असे स्पष्ट लिहिलेले आहे. परदेशात, जेथे चालवून घेतले जाते तेथे, एखादा झुरका घेतल्याबद्दल येथे खटला उभा राहिल्याचे माझ्या पाहण्यात नाही. पण ‘तेथे चालते, म्हणजे मला कायदा लागूच नाही’ हे विधान कागदावर टिकणारे नाही. नंतर समाजमाध्यमांवर बोटीतली छायाचित्रे टाकण्याचा मोह होतो, तेव्हा हे आठवावे.

सामानातून काही परत आणणे हा मात्र सरळसरळ आयातीचा गुन्हा आहे. प्रमाण कितीही कमी असले तरी गुन्हा टळत नाही, फक्त शिक्षा कमी होते: गांजा १ किलोपर्यंत किंवा चरस १०० ग्रॅमपर्यंत असल्यास एक वर्षापर्यंत सश्रम कारावास, १० हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. आपल्याकडे भांग चालते, हा युक्तिवादही येथे उपयोगी नाही. कायद्याच्या व्याख्येतून वगळलेली आहेत ती शेंड्यांशिवायची पाने आणि बिया, आणि कॉफीशॉपमध्ये जे विकतात ते नेमके फुलोऱ्याचे शेंडे असतात.

तुमच्या मित्राविषयी: १९६१ पूर्वीच्या गोव्याच्या आधारावर पोर्तुगीज नागरिकत्व घेतलेला माणूस भारताचा नागरिक राहत नाही, म्हणून परदेशातील वर्तनाविषयीचे ते कलम त्याला लागू होणार नाही. परंतु गोव्याच्या विमानतळावर त्याच्या खिशात काही सापडले, तर पासपोर्टचा रंग पाहून कोणी सोडणार नाही. पोर्तुगालने २००१ पासून स्वतःच्या वापरापुरते बाळगणे फौजदारी गुन्ह्यांतून वगळले, हे खरे असले तरी ती सवलत पोर्तुगालच्या हद्दीत आहे.

माझी खरी चिंता दुबईची आहे. संयुक्त अरब अमिरातीत रक्तात किंवा लघवीत आढळलेला अंशही बाळगण्यासारखाच धरला जाऊ शकतो. तुम्ही फक्त विमान बदलणार असलात, तरी तुम्ही त्यांच्याच भूमीवर असता. ही फेरी करायचीच असेल, तर परतीचा मार्ग बदलावा.

उत्तर: म्हापशातली फार्मासिस्ट

ओढण्यापेक्षा खाण्याच्या पदार्थांबाबत अधिक सावध राहावे, असे सुचवते. धुराचा परिणाम काही मिनिटांत जाणवतो आणि दोन-तीन तासांत ओसरू लागतो. केक किंवा बिस्किटातून पोटात गेलेला गांजा मात्र यकृतातून जाऊन अर्ध्या तासापासून दोन तासांपर्यंत केव्हाही चढतो आणि पुढे सहा-आठ तास टिकतो. सव्वा तासाच्या फेरीत याचा अर्थ असा होतो की बोटीवर काहीच वाटत नाही, म्हणून माणूस दुसरा तुकडा खातो, आणि दोन्हींचा परिणाम ट्रामच्या थांब्यावर उभे असताना एकदम सुरू होतो.

तेथील गांजातील टीएचसीचे, म्हणजे नशा आणणाऱ्या घटकाचे, प्रमाण सरासरीने १५ टक्क्यांच्या आसपास असते, त्यामुळे कॉलेजच्या दिवसांतल्या अनुभवावरून अंदाज बांधू नये. आधी बिअर घेतली असेल तर रक्तात टीएचसी अधिक शोषले जाते, चक्कर आणि उलटी बहुधा याच मिश्रणामुळे होते. नाडी वाढते आणि उभे राहताना रक्तदाब खाली येऊ शकतो. हलत्या बोटीतून धक्क्यावर पाय टाकण्याचा क्षण म्हणूनच नाजूक असतो. हृदयविकार असलेल्यांनी, वॉरफरिन (रक्त पातळ ठेवणारे औषध) किंवा झोपेच्या गोळ्या घेणाऱ्यांनी आणि घरात मनोविकाराचा इतिहास असलेल्यांनी या वाटेला जाऊ नये. केवळ घाबरल्यासारखे झाले, तर शांत जागी बसवून पाणी आणि काही गोड द्यावे. छातीत दुखले किंवा शुद्ध हरपली, तर ११२ हा क्रमांक लावावा आणि काय घेतले ते खरे सांगावे. तेथे त्यासाठी पोलीस मागे लागत नाहीत.

आणखी एक: तेथे जॉइंटमध्ये, म्हणजे गांजाच्या सिगारेटमध्ये, तंबाखू मिसळण्याची पद्धत आहे. दुकानातून तयार गुंडाळलेला घेताना ‘नुसता’ मागावा, नाहीतर तंबाखूची सवय नसलेला माणूस निकोटिननेच गरगरतो.

उत्तर: तारवटी_वास्को

अंत्रुजकारबाब, मेहुण्याला त्या बोटीवर नेऊ नका. जहाजावर चढण्यापूर्वीची वैद्यकीय तपासणी आणि कंत्राटाच्या काळात अचानक होणारी लघवीची चाचणी, या दोन्हींत टीएचसीचे अवशेष शोधले जातात. कधीतरी ओढणाऱ्यात ते काही दिवस, नियमित ओढणाऱ्यात काही आठवडे सापडतात. ‘ॲमस्टरडॅममध्ये चालते’ हे उत्तर कप्तान ऐकून घेत नाही. नोकरी जाते, ज्या एजंटाने पाठवले तो पुन्हा बोलावत नाही, आणि आपल्याकडे एका पगारावर किती घरे उभी असतात ते तुम्हाला सांगायला नको. उघड्या बोटीत नुसते शेजारी बसल्याने चाचणीत सापडण्याची शक्यता फारच कमी आहे, परंतु पाऊस आला आणि छत-काचा लावल्या तर कोंडलेल्या धुरात तासभर काढावा लागेल. हा धोका त्याने कशासाठी पत्करावा?

उत्तर: कुंभारजुव्याचो

एवढा खर्च करून कालव्यातच बसायचे असेल, तर मांडवी आणि जुवारी यांना जोडणारा आमचा कुंभारजुव्याचा कालवा काय वाईट आहे? खारफुटी आहे, पक्षी आहेत, ओहोटीला चिखलावर सुस्तावलेल्या सुसरी दिसतात. हणजुण्याच्या किनाऱ्यावर परदेशी लोकांनी चालवलेला हा प्रकार आम्ही पन्नास वर्षे पाहत आलो. आता आपणच तिकडे जाऊन पैसे मोजायचे, याचे मला तरी हसू येते.

उत्तर: डिचोली_ते_डेल्फ्ट

कुंभारजुवेकरांचा मुद्दा मान्य आहे, पण प्रश्न कालव्यांच्या तुलनेचा नव्हता. आणि त्या सुसरी नव्हेत, मगरी आहेत. सुसरीचे तोंड लांब निमुळते असते आणि ती आपल्या नद्यांत आढळत नाही.

अंत्रुजकार

सर्वांचे आभार. दुबईचा मुद्दा माझ्या ध्यानातच आला नव्हता. तिकिटे अद्याप बदलता येण्यासारखी असल्यामुळे ॲमस्टरडॅमहून थेट मुंबईला येऊन पुढे गोव्याला जाण्याची चौकशी सुरू केली आहे. मेहुणा आणि पत्नी साध्या बोटीने जातील. मित्र स्मोक बोटीवर जाणारच आहे. माझे मात्र तिकिटांचे ठरल्यावरच ठरेल. शेवटची फेरी आधी आरक्षित करावी लागते की धक्क्यावर जाऊन मिळते?

डिचोली_ते_डेल्फ्ट

जूनमधल्या शनिवार-रविवारी आधीच करावी, आठवड्याच्या मधल्या दिवशी धक्क्यावरही जागा मिळून जाते. आरक्षण करताना दोन गोष्टी लेखी विचारून घ्याव्यात: पाऊस आल्यास छत लावतात की फेरी पुढे ढकलतात, आणि तंबाखू मिसळलेल्या जॉइंटला परवानगी आहे की नाही. प्रत्येक बोटीचे नियम वेगळे असतात आणि चढताना चालक सांगेल तो शेवटचा शब्द असतो.