लॉगिनची खिडकी लपवू नका, बंद करा

चिरेखाण:
काल आपल्या ग्रुपवर एका नवशिक्या मुलाने विचारलं, विनफॉर्म्समध्ये (विंडोजचे डेस्कटॉप प्रोग्राम बनवायचं साधन, त्यात खिडकीला फॉर्म म्हणतात) लॉगिननंतर मुख्य खिडकी कशी उघडायची? त्याला मिळालेलं उत्तर असं: "पासवर्ड जुळला की लॉगिन फॉर्मला हाइड करायचं, मेन फॉर्मला शो करायचं. दोन ओळींचं काम." खाली भराभर अंगठे पडले. ते बघून राहवलं नाही, म्हणून सविस्तर लिहितोय.

ॲप्लिकेशन.रन ला, म्हणजे प्रोग्राम चालू ठेवणाऱ्या आज्ञेला, तुम्ही जो फॉर्म देता, त्याच्या आयुष्याला सगळा प्रोग्राम बांधला जातो. तो बंद झाला की मेसेज लूप (क्लिक, कळा यांची वाट बघत फिरणारं चक्र) संपतो आणि प्रोग्राम सुटतो. लॉगिन फॉर्म रनला दिलात आणि नुसता लपवलात, तर तो बंद झालेलाच नाही. क्लार्क संध्याकाळी मेन फॉर्मच्या फुलीवर क्लिक करून घरी जातो, पडद्यावर काही दिसत नाही, पण टास्क मॅनेजर उघडा, प्रोसेस तिथेच बसलेली.

रत्नागिरीजवळच्या एका आंबा पॅकिंग शेडमध्ये मी हे डोळ्यांनी पाहिलंय. सॉफ्टवेअर दुसऱ्या कोणीतरी लिहिलेलं, डेटा मायक्रोसॉफ्ट ॲक्सेसच्या एमडीबी फाइलमध्ये. एप्रिलची घाई, दिवसातून कितीदा तरी प्रोग्राम उघड-बंद. रात्री कॉम्पॅक्ट अँड रिपेअर (डेटाची फाइल आवळून दुरुस्त करणं) करायला गेलं की उत्तर एकच, फाइल कोणीतरी वापरत आहे. शेजारी एलडीबी फाइल, म्हणजे डेटा कोणीतरी उघडून बसल्याची खूण, तशीच पडलेली. मालकाला वाटलं मशीन म्हातारं झालं, त्याने रॅम वाढवली. दोष दोन ओळींचा आणि भुर्दंड त्या माणसाला.

बरोबर रीत अवघड नाही. प्रोग्रामच्या मेन फंक्शनमध्ये लॉगिन फॉर्म युझिंग ब्लॉकमध्ये (काम संपलं की आतली वस्तू आपोआप मोडीत काढणारा कोडचा तुकडा) तयार करा, शोडायलॉगने उघडा, म्हणजे तो बंद होईपर्यंत पुढचं थांबतं. डायलॉगरिझल्ट, म्हणजे त्या खिडकीचं उत्तर, ओके आला तरच ॲप्लिकेशन.रन ला मेन फॉर्म द्या, नाहीतर रिटर्न. युझिंग एवढ्यासाठी की शोडायलॉगने उघडलेला फॉर्म बंद केला तरी आपोआप डिस्पोज होत नाही, म्हणजे त्याने धरलेली साधनं सुटत नाहीत. दाभोळच्या फेरीबोटीवर तिकीट फाडणारा बोट हाकत नाही. लॉगिनचं कामही तेवढंच.

हापूस_पेटी:
तो सल्ला माझा होता. नाव न घेता लिहिलंत, पण अख्ख्या ग्रुपला कळलं.

मेन फॉर्मच्या फॉर्मक्लोज्ड इव्हेंटमध्ये (फॉर्म बंद झाल्यावर चालणारा कोड) ॲप्लिकेशन.एक्झिट लिहा, तुमची ती "बसलेली प्रोसेस" उठून जाते. एक ओळ. मी व्हीबी सिक्सपासून (मायक्रोसॉफ्टची जुनी व्हिज्युअल बेसिक) पेटी-बिलिंगची सॉफ्टवेअरं करून देतोय, देवगडपासून राजापूरपर्यंत चालतात. नवशिक्याला आधी काहीतरी पडद्यावर दिसू दे. पहिल्याच दिवशी मेसेज लूप आणि डिस्पोज सांगितलंत तर तो पोरगा प्रोग्रामिंग सोडून बागेत फवारणी करायला जाईल.

चिरेखाण:
एक्झिटने झाकलं जातं, मिटत नाही. मेन फॉर्म तयार होतानाच एरर आली तर? विंडोजची एररची खिडकी येते, माणूस कंटिन्यू दाबतो, आणि मग पडद्यावर काहीच नाही. लॉगिन लपलेलं, मेन आलेलं नाही, तुमचा फॉर्मक्लोज्ड कधी चाललाच नाही. शिवाय एखाद्या फॉर्मने फॉर्मक्लोजिंगमध्ये, म्हणजे बंद होण्याच्या आधी, कॅन्सल केलं तर एक्झिट तिथेच अडतं.

आणि व्हीबी सिक्सचं नाव तुम्हीच काढलंत म्हणून विचारतो. तिथे सब मेन होतं, म्हणजे प्रोग्राम जिथून सुरू होतो ती जागा. लॉगिन व्हीबीमोडल (बंद होईपर्यंत पुढे जाऊ न देणारं) दाखवायचं, मग मेन. म्हणजे बरोबर रीत तुम्हाला तेव्हापासून ठाऊक आहे. मग पोराला दुसरीच का सांगता?

पेढीतला:
दोघांनीही लॉगआउटचा विषय काढलेला नाही. मी पतपेढीत काम करतो, आमच्याकडे खरी अडचण तीच. दुपारी काउंटर बदलतो. एक क्लार्क उठते, दुसरी बसते. हाइड-शो वाल्या प्रोग्राममध्ये लॉगआउट म्हणजे मेन लपवा आणि नवा लॉगिन उघडा. दिवसाअखेर मेमरीत लपलेल्या फॉर्मांची चळत. त्यातल्या जुन्या मेन फॉर्मचा टायमर चालूच, तो जुन्या युझरच्या नावाने शिल्लक ताजी करत राहतो.

मेन फंक्शनमध्ये व्हाइल लूप (अट खरी असेपर्यंत पुन्हा पुन्हा चालणारा कोड) घाला. लॉगिन, ओके आलं तर रन, मेन फॉर्म बंद झाल्यावर बघा की लॉगआउट मागितलंय की बाहेर पडायचंय. लॉगआउट असेल तर पुन्हा वर. रन दुसऱ्यांदा बोलावता येतं, पहिला लूप संपलेला असला की झालं.

आता मुख्य गोष्ट. आमच्याकडे व्हाउचर एकाने टाकायचं आणि दुसऱ्याने पास करायचं, असा नियम. ओळखीतल्या एका पेढीत जेवणाच्या सुट्टीत एकीच्या लॉगिनवर दुसऱ्याने पिग्मीच्या नोंदी टाकल्या. ऑडिटला फरक निघाला तेव्हा नाव तिचं. ती बाई महिनोन् महिने उत्तरं देत बसली.

हापूस_पेटी:
पेढी वेगळी, शेड वेगळी. शेडमध्ये लॉगिन हवंच कशाला, हा माझा मूळ प्रश्न आहे. सीझनला वाशीच्या मार्केटसाठी गाडी रात्री सुटायची असते. चार डझनी, पाच डझनी, सहा डझनी पेट्या भरल्या जातायत, हाताला चीक लागलेला, आणि तुम्ही त्या बाईला सांगता कॅपिटल अक्षर आणि चिन्ह असलेला पासवर्ड टाक. ती काय करते? मॉनिटरला कागद चिकटवते. मी गेलोय त्या प्रत्येक शेडमध्ये तो कागद आहे.

वाशिष्ठी:
वेबवर करा ना सगळं. 22 जुलै 2021 ला चिपळूणच्या बाजारात पाणी भरलं तेव्हा काउंटरखालचे सीपीयू गेले आणि त्यांच्याबरोबर डेटा. तुमची कुठली खिडकी आधी उघडते ते पाण्याने विचारलं नाही.

मालवणी_कोड:
वाशिष्ठी, माका एवढाच सांगा, नेट गेला की काय करायचा? निसर्ग वादळानंतर 2020 च्या जूनमध्ये दापोली-मंडणगडच्या कितीतरी गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. जनरेटरवर डेस्कटॉप तरी चालतो. बॅकअप बाहेर ठेवा, ही तुमची गोष्ट शंभर टक्के खरी. पण ती लॉगिनच्या धाग्यात आणू नका.

आता हापूस_पेटी यांना. मच्छीमार सोसायटीचं काम मी बघतो. डिझेल कोणत्या बोटीला किती दिलं, नोंद कोणी केली, यावर परताव्याचा हिशेब उभा असतो. पावसाळी मासेमारीबंदी उठून 1 ऑगस्टला बोटी निघाल्या की पंपावर अशीच गर्दी, हात तेलाचे. म्हणून लॉगिन काढून टाकलं नाही, चार आकडी पिन दिला, आणि थोडा वेळ कोणी हात लावला नाही की कुलूप पडतं. पिनवाला कागद कोणी चिकटवत नाही, कारण लक्षात राहतो. "लॉगिन नकोच" म्हणणं ही आळशी माणसाची वाट आहे.

हापूस_पेटी:
आळशी? रात्री दोनला फोन आला की स्कूटर काढून शेडवर मी जातो, तुम्ही नाही. शब्द जपून वापरा.

तुमच्या सोसायटीत नोंद करणारे दोघे-तिघे. माझ्याकडे सीझनपुरती आलेली माणसं, नेपाळहून आलेली पोरं, रोज नवा चेहरा. पिन वाटत बसू? त्यांनी पेटी टाकली काय आणि मालकाच्या पोरीने टाकली काय, वजन आणि डझन तेच. भानगड होते ती दर बदलताना आणि बिल डिलीट करताना. म्हणून मी तिथेच पासवर्ड विचारतो. बाकी सगळं उघडं. आजपर्यंत एका बिलाची तक्रार नाही.

पेढीतला:
तक्रार नाही म्हणजे चोरी नाही, असं नसतं. नोंदीवर नावच नसेल तर तक्रार करायची कोणाविरुद्ध? त्या बाईची बाजू मी जवळून पाहिलीय. नोंद टाकणाऱ्याचं नाव त्याच्याच रक्षणासाठी असतं, मालकाच्या नाही. तुमच्या शेडमध्ये उद्या पंचवीस पेट्या कमी भरल्या तर आळ त्या रोज नव्या येणाऱ्या पोरांवरच येणार.

हापूस_पेटी:
हा मुद्दा मात्र खरा आहे. मागच्या सीझनला एका शेडमध्ये असंच झालं, पोराला हाकलून दिलं, पेट्या नंतर दुसऱ्या गाडीत सापडल्या. पिनचा विचार करीन. पण दर-डिलीटचा पासवर्ड तिथेच राहील, सुरुवातीला नाही.

चिरेखाण:
ते तिथे विचारणं शेडसाठी चांगलंच आहे, याला माझा विरोध कधी नव्हता. बघा त्यात काय होतं. मेन फॉर्म आधी उघडतो, रनला तोच दिलेला असतो, आणि पासवर्डची खिडकी त्याच्यावर शोडायलॉगने येते, मालक (कोडमधला ओनर) म्हणून मेन फॉर्म देऊन. मालक दिला नाहीत तर ती कधीतरी मागे लपते आणि माणसाला वाटतं प्रोग्राम अडकला. म्हणजे तुमच्या स्वतःच्या शेडमध्ये तुम्ही लॉगिन लपवत नाही. मग पोराला लपवायला का सांगितलंत, एवढंच माझं म्हणणं होतं आणि आहे.

हापूस_पेटी:
ठीक. नवीन कामांत मेन फंक्शनमधून करीन. चालू असलेल्या जुन्या सॉफ्टवेअरला सीझनच्या तोंडावर हात लावणार नाही, कोणी कितीही सांगितलं तरी.

नवशिका:
प्रश्न माझाच होता, सगळ्यांचे आभार. चिरेखाण दादांचं वाचून मी तेच डब्ल्यूपीएफमध्ये (विनफॉर्म्सनंतर आलेलं तसंच साधन) करून पाहिलं. स्टार्टअपमध्ये आधी लॉगिन शोडायलॉग, मग मेन विंडो. पासवर्ड बरोबर टाकला की लॉगिन बंद होतं आणि मेन विंडो येतच नाही, सगळा प्रोग्रामच संपतो. एररही नाही.

चिरेखाण:
डब्ल्यूपीएफमध्ये शटडाउनमोड (प्रोग्राम कधी संपवायचा ते ठरवणारी सेटिंग) मुळात ऑनलास्टविंडोक्लोज असतो, म्हणजे शेवटची खिडकी बंद झाली की संपव. लॉगिन बंद झालं त्या क्षणी ती शेवटची खिडकी होती, म्हणून त्याने दुकान आवरलं. शिवाय पहिली तयार झालेली विंडो तो आपणहून मेनविंडो धरतो, म्हणजे तुझं लॉगिन. सुरुवातीला शटडाउनमोड ऑनएक्सप्लिसिटशटडाउन कर, म्हणजे सांगितल्याशिवाय संपणार नाही. लॉगिन फसलं किंवा रद्द केलं तर स्वतः शटडाउन बोलव, विसरलास तर इथेही प्रोसेस बसून राहील. लॉगिन जमलं की मेन विंडो तयार कर, ॲप्लिकेशनच्या मेनविंडोला ती दे, मग मोड ऑनमेनविंडोक्लोज (मेन विंडो बंद झाली की संपव) कर आणि शो कर. याच क्रमाने.

नवशिका:
चाललं. पण पासवर्डबॉक्सचा (पासवर्ड टाकायच्या चौकटीचा) पासवर्ड बाइंडच होत नाहीये, म्हणजे कोडमधल्या डेटाशी आपोआप जोडला जात नाहीये.

मालवणी_कोड:
होणार नाही, ती डिपेन्डन्सी प्रॉपर्टी नाही, डब्ल्यूपीएफमध्ये तशीच प्रॉपर्टी बाइंड होते. त्यासाठी वेगळा धागा काढ, इथे परत मारामारी नको.