साठीनंतर एकटीनं प्रवास: कोणी केलाय का?

प्राजक्ता६४

नमस्कार मंडळी,

माझं वय ६४. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, आणि नवरा जाऊन येत्या महिन्यात तीन वर्षं होतील. मुलगा-सून, लेक-जावई सगळे जीव लावणारे आहेत, रोज फोन करतात. तक्रारीला जागाच नाही.

पण गेले काही महिने एकच गोष्ट मनात घोळतेय. कुठंतरी एकटीनं जावं. सहल कंपनीबरोबर नाही, बहिणींबरोबर नाही, लेकीबरोबरसुद्धा नाही. आठ-दहा दिवस, मी आणि माझी बॅग.

आजवर मी पुष्कळ हिंडलेय, पण कायम कुणाच्या तरी सोबतीनं. तिकिटं हे काढायचे, बॅगा मी भरायचे. कुणाला गाडी लागते, कुणाला खिडकी हवी, कोण किती वेळात कंटाळतं, हे सगळं मला आजही तोंडपाठ आहे. पण परवा लेकीनं विचारलं, "तुला नक्की काय बघायचंय?" आणि मला उत्तर देता येईना. खूप वेळ विचार केला तरी सुचेना. ते मनाला लागून राहिलंय.

घरी विषय काढला तेव्हा लेक म्हणाली, "आई, आम्ही नेतो ना तुला, एकटी कशाला?" मुलगा म्हणाला, "आणि काही झालं तर?" त्यावर मी गप्पच झाले. रक्तदाबाची गोळी चालू आहे, उजवा गुडघा जिने उतरताना दुखतो, बाकी ठणठणीत आहे.

ज्यांनी असा प्रवास केलाय त्यांना विचारायचंय. खरंच आनंद होतो का? संध्याकाळी खोलीवर परतल्यावर एकटेपणा खायला उठत नाही? आणि घरच्यांना काय सांगितलंत?

---

वाटसरू_सदा

ताई, जरूर जा. मी ६६ व्या वर्षी सुरुवात केली. एकदम दहा दिवसांची उडी मारली नाही. आधी दोनच रात्री गेलो, घरापासून तीन तासांच्या अंतरावर. कंटाळा आला तर उठून परत येता येईल, एवढाच हिशेब होता. कंटाळा आला नाही. उलट तिसऱ्या दिवशी निघताना जड गेलं.

माझे दोनच नियम आहेत. नव्या गावात दिवसाउजेडी पोचायचं, आणि पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी काहीही ठरवायचं नाही. आपल्या वयाला थकवा दुसऱ्या दिवशी कळतो, पहिल्या दिवशी उत्साहात तो जाणवतच नाही.

---

मुक्काम_७१

प्राजक्ता, मी मोठी आहे म्हणून तू म्हणते, चालेल ना?

"तुला काय बघायचंय" या प्रश्नाला उत्तर येईना हे वाचलं आणि लिहायला बसलेच. अगं, माझंही अगदी हेच झालं होतं. मी छत्तीस वर्षं शाळेत शिकवलं, त्यातली वीसेक वर्षं सगळ्या शाळेचं वेळापत्रक मी लावायचे. कुठला तास कुठं बसतो, कोण रजेवर आहे, कुणाला कुठं पाठवायचं. घरीही तेच. पहिल्यांदा एकटी गेले तेव्हा ६५ वर्षांची होते. डोंगरातलं एक छोटं गाव, मध्ये तळं. पहिल्या सकाळी साडेसहाला मी आंघोळ करून, साडी नेसून, पर्स मांडीवर घेऊन पलंगाच्या कडेला बसले. दहा-पंधरा मिनिटं नुसती बसून होते. मग लक्षात आलं, की मी कुणाचं तरी आवरून होण्याची वाट बघतेय. न्हाणीघराचं दार उघडंच होतं. आत कुणी नव्हतं.

त्या वेळी रडू आलं, खरं सांगते. पण थोड्या वेळानं दार ओढून बाहेर पडले. गल्लीच्या तोंडाशी आल्यावर डावीकडं वळायचं की उजवीकडं, हे ठरवायला मला बराच वेळ लागला. इतकी साधी गोष्ट, पण ती ठरवणारी मी एकटी होते. डावीकडं वळले. त्या वळण्याचा आनंद मला अजून जसाच्या तसा आठवतो.

त्यामुळं काय बघायचंय ते आधी कळलंच पाहिजे असं धरून बसू नकोस. ते तिथं गेल्यावर कळतं, तेही हळूहळू. माझ्याबाबतीत ते एका संग्रहालयात कळलं. अशा ठिकाणी आम्ही आधी कितीतरी वेळा गेलो होतो, पण कायम "चला, चला, पुढं बघायचंय". या वेळी एका काचेच्या पेटीपाशी थांबले. आत मातीचं एक खेळणं होतं, चाकांचा बैल, वीतभरसुद्धा नसेल. वाकून बघितलं तर त्याच्या पोटाशी माती दाबलेली होती आणि तिथं अंगठ्याचा ठसा होता. रेषा दिसत होत्या. ज्यानं कुणी ते पोरासाठी केलं त्याचा अंगठा, शेकडो वर्षं तसाच. मी किती वेळ उभी होते कुणास ठाऊक. तिथल्या पहारेकऱ्यानं न बोलता स्वतःची खुर्ची आणून ठेवली. दुसऱ्या दिवशी मी परत गेले, तिसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशी खुर्ची आधीच मांडलेली होती. कुणाबरोबर असते तर मला हे जमलं नसतं. एकच खेळणं बघायला तीन दिवस कोण येईल, आणि मी तरी कुणाला कशाला थांबवेन?

तर मला मातीच्या वस्तू बघायला आवडतात. हे मला पासष्टीत कळलं. आता जिथं जाते तिथं आधी त्याच शोधते.

संध्याकाळचं विचारलंस. हो, खायला उठते. मला सगळ्यात जास्त तिसऱ्या संध्याकाळी जाणवतं. पहिल्या दोन दिवशी नवलाई असते, तिसऱ्या दिवशी दिवे लागले की वाटतं, हे सगळं आता कुणाला सांगू? त्यावर मला एवढंच जमलं, की रोज संध्याकाळी त्याच बाकावर जाऊन बसायचं. तीन दिवसांत तिथं रोज येणारी माणसं ओळखीची होतात. बोलणं होतंच असं नाही, मान हलवली तरी पुरतं. आणि झोपण्याआधी दिवसभराचं लिहून काढते. आमचे हे असताना रात्री त्यांना सांगायची, आता वहीला सांगते. त्यांची आठवण येते तेव्हा येऊ देते. प्रवासात ती जास्त येते, पण घरी येते तशी नाही. घरी त्यांची रिकामी खुर्ची दिसते. तिथं वाटतं, हे त्यांना आवडलं असतं.

आता तुझ्या मुलाचा प्रश्न. काही झालं तर? माझं झालं होतं. चौथ्या प्रवासात ओल्या पायरीवरून घसरले आणि मनगट मुरगळलं. कॉलेजच्या वयाची एक अनोळखी मुलगी धावत आली. तिनं गळ्यातला रुमाल काढून हात बांधला, दवाखान्यापर्यंत आली आणि क्ष-किरण फोटो निघेपर्यंत बसून राहिली. आमची भाषाही एक नव्हती. हाड मोडलं नव्हतं. त्याच रात्री मी घरी फोन करून सगळं सांगितलं. लपवावंसं वाटत होतं, कारण पुढच्या वेळी जाऊ देणार नाहीत अशी भीती होती. पण सांगितलं, आणि बरं झालं. मुलाला कळलं की आई पडली तर ती सांगते. तेव्हापासून त्याचा माझ्यावर विश्वास आहे.

हे मुद्दाम लिहितेय, कारण माझ्या आवडत्या दोन्ही प्रवासी बायकांनी घरी पुरतं सांगितलं नव्हतं. व्हिएन्नाच्या इडा फायफर मुलं मोठी झाल्यावर १८४२ मध्ये, ४४ व्या वर्षी, एकट्या निघाल्या. घरी फक्त कॉन्स्टँटिनोपलचं, म्हणजे आजच्या इस्तंबूलचं, नाव काढलं होतं, जायचं होतं जेरुसलेमला. पुढं त्यांनी दोनदा जगप्रदक्षिणा केली. दुसऱ्या म्हणजे अमेरिकेच्या एमा गेटवुड, अकरा मुलांची आई. १९५५ मध्ये, ६७ व्या वर्षी, ॲपलाचियन ट्रेल ही तीन हजार किलोमीटरहून लांब डोंगरवाट एकटीनं सलग चालल्या. पायात साधे कापडी बूट, खांद्यावर घरी शिवलेली पिशवी. मुलांना म्हणाल्या होत्या, फिरायला चाललेय. त्यांचं मला सगळ्यात भावतं ते आदल्या वर्षीचं. १९५४ मध्ये त्या पहिल्यांदा निघाल्या तेव्हा वाट चुकली, चष्मा फुटला आणि मागं फिरावं लागलं. पुढच्या वर्षी परत गेल्या. म्हणून मी सामानात दुसरा चष्मा ठेवतेच, आणि तो ठेवताना दरवेळी त्यांची आठवण काढते.

पण लपवून जाण्याचा तो काळ त्यांचा होता. तू सांगून जा. रोज कुठं आहेस ते फोनवरून कळव आणि फोनची वेळ ठरवून घे. दिवसातून एकदा, दहा वेळा नाही. दहा वेळा बोललीस तर तू घरीच राहिल्यासारखं होईल.

---

निवृत्त_परिचारिका

वरच्या ताईंनी मनातलं सगळं लिहिलंय, मी फक्त तब्येतीचं सांगते.

गोळ्या हातातल्या बॅगेत ठेवा, डिक्कीत किंवा विमानाच्या पोटात जाणाऱ्या सामानात नको. लागतील त्यापेक्षा आठवडाभराच्या जास्त घ्या, मूळ पाकिटातच, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह. चिठ्ठीवर कंपनीचं नाव नाही, औषधाचं मूळ नाव लिहून घ्या, कारण कंपनीची नावं देशोदेशी बदलतात. कुणी इन्सुलिन घेत असेल तर ते विमानाच्या पोटात गोठू शकतं आणि मग निकामी होतं, हे लक्षात असू द्या.

चार तासांहून जास्त एका जागी बसून प्रवास असेल तर पायाच्या शिरेत गुठळी होण्याचा धोका दुप्पट-तिप्पट होतो. मुळात तो फार कमी असतो, म्हणून घाबरू नका, पण तासाभरानं उठून चाला आणि बसल्या जागी पावलं वरखाली करत राहा. आधी गुठळी झालेली असेल तर निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारा. अडीच हजार मीटरच्या वर जाणार असाल तर सावकाश चढा, आणि तिथं डोकं दुखलं, मळमळलं तर आणखी वर जाऊ नका.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे रात्रीचं न्हाणीघर. परक्या खोलीत अंधारात उठून पडणारी माणसं मी इतकी पाहिलीत, की आता कुठंही गेले तरी झोपण्याआधी पलंगापासून दारापर्यंत एकदा दिवे लावून चालते आणि एकदा उशाशी ठेवलेल्या विजेरीच्या उजेडात. गुडघा दुखतो म्हणालात, तेव्हा खोली तळमजल्यावरची मागा.

---

प्राजक्ता६४

सगळ्यांचे मनापासून आभार. मुक्काम ताई, पर्स मांडीवर घेऊन बसलेलं वाचताना मी थांबले आणि बराच वेळ पुढं वाचूच शकले नाही.

परवा रात्री सगळं मुलाला वाचायला दिलं. मनगटाचा भाग त्यानं दोनदा वाचला. मग म्हणाला, "रोज रात्री साडेआठला फोन करशील?" म्हटलं, करीन. लेक अजून नाराज आहे, पण तिनं स्वतःहून माझ्या गोळ्यांची मूळ नावं कागदावर मोठ्या अक्षरात लिहून दिलीत.

सदाभाऊंचं ऐकून आधी तीन रात्रीच ठेवल्यात. पुढच्या महिन्यात, समुद्राकाठी. काय बघणार ते ठरवलेलं नाही. बॅग आत्ताच भरून पाहिली. पहिल्यांदा उचलवेना, म्हणून दोन साड्या आणि एक शाल काढली. आता एकटीनं कपाटावर चढवता येते, दोनदा चढवून बघितली.

---

मुक्काम_७१

शाबास. दुसरा चष्मा घेतलास का?

---

प्राजक्ता६४

घेतला, ताई. जुन्या नंबरचा आहे, पण पाट्या वाचता येतात.